कंपनीचं मेडिकल महिन्यावर आलंय आणि बीपी १६४, गाडी सुटेल का?

पत्र (थोडं आटोपशीर करून):
"ताई नमस्कार. वय ४८, शिरवळकडचा आहे, ट्रक ड्रायव्हर. सध्या न्हावाशेवा ते बेंगळुरू कंटेनर चालवतो. शेठला एका मोठ्या कंपनीचं काम लागलंय आणि त्यांच्याकडे चाळीशीवरच्या ड्रायव्हरचं मेडिकल झाल्याशिवाय गाडी आत घेत नाहीत. एक महिना हातात आहे. त्यानंतर दोन महिन्यांनी लायसन पण रिन्यूला आहे. मागे हायवेवर कॅम्प होता तिथं बीपी १६४/१०२ निघालं, शुगर पण जास्त म्हणाले. गोळी दोन वर्षांपूर्वी चालू केली होती, पत्ता संपला तशी बंद झाली. रात्री समोरून लाइट आली की डोळ्यापुढं फुटते. बायको म्हणते घोरता फार. एक एजंट म्हणतो डॉक्टरकडे न जाता सर्टिफिकेट आणून देतो. दोस्त म्हणतो त्या दिवशी सकाळी दोन गोळ्या घे आणि आदल्या दिवसापासून काही खाऊ नको. गाडी सुटली तर घर कसं चालणार, मुलगी बारावीला आहे. काय करू?"

दादा, सगळ्यात आधी एक सांगते, महिना आहे ही फार चांगली गोष्ट आहे. बीपीच्या नेहमीच्या गोळ्यांचा पूर्ण असर यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणजे तुम्ही आज उद्या डॉक्टरकडे गेलात आणि गोळी रोज घेतलीत तर मेडिकलच्या दिवशी आकडा खाली असायची चांगली शक्यता आहे, आणि तो खरा खाली आलेला असेल. हाच महिना आकडा लपवायचा कसा या विचारात घालवलात तर काहीच हाती लागणार नाही. तुमच्या पत्रातल्या जवळपास प्रत्येक तक्रारीवर उपाय आहे, आणि तो करूनही गाडी चालवता येते, कितीतरी ड्रायव्हर बीपीची गोळी घेऊन वर्षानुवर्षं व्यवस्थित गाडी चालवतायत.

आता ही दोन मेडिकल वेगवेगळी आहेत ते आधी नीट समजून घ्या, कारण पत्रात तुम्ही दोन्हीची भीती एकत्र केलीय. आरटीओला लागतो तो फॉर्म १-ए. त्यात डॉक्टरला विचारलेलं असतं की नजर कशी आहे, चष्म्याने सुधारलीय का, चांगल्या उजेडात २५ मीटरवरची नंबर प्लेट वाचता येते का, रातांधळेपणा आहे का, नेहमीचे हॉर्नबिर्न ऐकू येतात का, हातपाय सांधे ठीक आहेत का. बीपी आणि शुगरचा रकाना त्यात नाहीच. म्हणजे बीपीमुळे आरटीओचा कागद अडेल ही जी धास्ती आहे ती बरीचशी उगाच आहे. पण फॉर्म १ म्हणजे आपली आपण सही करून द्यायची घोषणा असते, त्यात फिट येतात का, अचानक शुद्ध हरपते का, चक्कर येते का हे विचारलेलं आहे, आणि तिथं खोटं लिहू नका कारण ती सही तुमची असते.

कंपनीचं मेडिकल जास्त कडक असतं. साधारण बीपी, शुगर, लघवी, ईसीजी, डोळे, कान एवढं बघतात, काही ठिकाणी छातीचा फोटो पण काढतात. प्रत्येक कंपनीची यादी वेगळी, त्यामुळे शेठला किंवा सुपरवायझरला सरळ फोन करून विचारा की काय काय तपासणार, उपाशी यायचं का, आणि आकडा जास्त निघाला तर पुन्हा कधी बोलावतात. विचारलं म्हणून कोणी संशय घेत नाही.

एजंटचं उत्तर नाही. नियमात डॉक्टरने स्वतः तपासून सही करायची आहे. तुम्हाला न बघता दिलेला कागद त्या दिवशी चालून जाईल, पण उद्या अपघात झाला, कोणाचा जीव गेला, तर पहिले कागदच उघडतात, आणि तेव्हा एजंट तिथं नसतो, तुम्ही असता. आणि त्या कागदाने बीपी खाली येत नाही, ते १६४ च राहतं.

दोस्ताचं ऐकू नका हे तर मी हात जोडून सांगते. बंद असलेली गोळी एकदम सकाळी दोन घेतल्या तर दोनच गोष्टी होतात, एकतर आकड्यात फारसा फरक पडत नाही, नाहीतर बीपी भसकन खाली येऊन टेबलावरून उठताना चक्कर येते, आणि मग डॉक्टर बीपी सोडून चक्करच्या मागे लागतो जे ड्रायव्हरसाठी जास्त वाईट आहे. उपाशी राहून शुगर लपत नाही. एचबीए१सी नावाची टेस्ट असते ती मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, आदल्या दिवशी काही खाल्लं नाही तरी तिला कळतं. ६.५ किंवा वर म्हणजे डायबेटिस, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. फास्टिंगला फक्त रात्रीचं आठ-दहा तास पोट रिकामं लागतं, पाणी प्यायचं.

तर या आठवड्यात काय करायचं. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, तिशीवरच्या सगळ्यांचं बीपी शुगर तिथं फुकट तपासतात. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या सरकारी दवाखान्यात तपासणी आणि उपचार मोफत आहेत, गोळ्या पण मिळतात. आणि लाइनवर असताना पत्ता संपला तर जनऔषधी केंद्रात तीच गोळी स्वस्तात मिळते, फक्त रॅपरवरचं औषधाचं नाव, म्हणजे टेल्मिसार्टन, अॅमलोडिपिन असं जे काही असेल ते आणि किती एमजी, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तुमची मागची गोळी बंद पडली ती पत्ता संपला म्हणून, हे तुम्हीच लिहिलंय. हेच सगळ्यांचं होतं, गाडी हुबळीला असते आणि गोळ्या घरी असतात. म्हणून दोन पत्ते केबिनमध्ये ठेवायचे, पण डॅशबोर्डवर उन्हात नाही, बॅगेत.

डॉक्टरला एक गोष्ट आपणहून सांगा कारण ते विचारतीलच असं नाही. कंबर धरते म्हणून तुम्ही लोक मेडिकलवरून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन असल्या दुखीच्या गोळ्या घेता, चार चार दिवस, कोणी कोणी तर रोजच. त्या गोळ्या बीपी वाढवतात, किडनीला पण त्रास देतात आणि बीपीच्या औषधाचा असर कमी करतात. असे ड्रायव्हर मी बघितलेत की बीपीची गोळी वाढवत न्यावी लागत होती आणि दुखीची गोळी थांबल्यावर आकडा आपोआप उतरला. सर्दीच्या काही गोळ्यांचं पण तसंच, शिवाय त्यांनी झोप येते, स्टेअरिंगवर असताना त्या नकोतच.

खाण्याचं लांबलचक सांगत नाही, धाब्यावर काय मिळतं ते मला माहीत आहे. दोनच गोष्टी धरा. एक मीठ, दिवसाला एक छोटा चमचा म्हणजे ५ ग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि लोणचं, पापड, फरसाण, वरून घातलेलं मीठ एवढं बंद केलं तरी बराच फरक पडतो. दुसरी चहा, दिवसात आठ-दहा कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर तुम्ही ऐंशी-नव्वद ग्रॅम साखर नुसती चहातून पिताय. चहा सोडू नका, बिनसाखरेचा मागा. पहिले चार दिवस नको वाटेल मग जमतं. आणि दारू असेल तर हा महिना पूर्ण बंद.

घरी हाताचं डिजिटल मशिन घेता आलं तर घ्या, दंडावर बांधायचं, मनगटाचं नको. कसं मोजायचं हे नीट ऐका कारण तुमच्या कॅम्पच्या आकड्यावर माझा पूर्ण भरवसा नाही, गाडीतून उतरून चहा तंबाखू करून रांगेत उभं राहून मोजलेलं बीपी दहा-वीसने जास्त येऊ शकतं. तर मोजायच्या आधी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी काही नाही. लघवीला जाऊन यायचं, तुंबलेली असली तरी आकडा वाढतो. खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही, दंड उघडा, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पाच मिनिटं गप्प. मोजताना बोलायचं नाही, फोनवर पण नाही. एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे तारीख वेळ घालून वहीत लिहा. ही वही मेडिकलला घेऊन जायची. तिथं टेन्शनने १५० निघालं आणि वहीत पंधरा दिवस १३२/८४ च्या आसपास असेल तर डॉक्टरला त्यातून बरंच कळतं, आणि तुम्ही पण म्हणू शकता की सर थोडा वेळ बसतो, परत बघा. आणि कधी आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखतंय, दम लागतोय, नजर अंधुक झाली, हात-पाय किंवा जीभ जड पडली, तर गाडी बाजूला लावून १०८ ला फोन, घरी पोचायची वाट बघायची नाही.

शुगरचं एक वेगळं सांगायचंय. तपासणीत डायबेटिस निघाला आणि गोळी चालू झाली तर डॉक्टरला सांगा की मी ड्रायव्हर आहे, माझ्या जेवणाला वेळ नाही. कारण ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्या आणि इन्सुलिन यांनी जेवण चुकलं तर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते, घाम सुटतो, हात थरथरतात, धडधडतं, आणि मग काही सुचत नाही. खंबाटकीच्या घाटात हे झालं तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको. सगळ्याच गोळ्यांनी असं होत नाही, मेटफॉर्मिन एकटी असेल तर हा धोका खूप कमी असतो, म्हणून डॉक्टरला कामाचं स्वरूप कळलं पाहिजे म्हणजे ते तशी गोळी निवडतील. केबिनमध्ये ग्लुकोज पावडर किंवा साखर हाताशी पाहिजेच. तसं वाटलं की गाडी कडेला, इंजिन बंद, तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत बघायचं, मग काहीतरी खायचं आणि बरं वाटलं तरी निदान पाऊण तास स्टेअरिंगला हात नाही लावायचा, कारण शुगर चढली तरी डोकं ताळ्यावर यायला वेळ लागतो.

डोळे. चाळीस फुटी दोन कंटेनर एकामागे एक उभे केले की साधारण २५ मीटर अंतर होतं, यार्डात एवढ्या लांबून एखाद्या कारची नंबर प्लेट वाचून बघा, आधी उजवा डोळा झाकून मग डावा. एकेक डोळा झाकून बघणं महत्त्वाचं आहे, एक डोळा अधू झाला तरी दुसरा त्याचं काम ओढत असतो आणि माणसाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. तुमची लाइट फुटते म्हणता ते मोतीबिंदूची सुरुवात असू शकते, चष्म्याचा नंबर असू शकतो, कधी कधी नुसती ओरखडे पडलेली काच असते, विंडस्क्रीनची पण. डोळ्यांच्या डॉक्टरनेच बघायला हवं. शुगर वरखाली होत असेल तर नंबर पण वरखाली होतो, म्हणून महागाचा चष्मा करायच्या आधी शुगर थोडी स्थिर होऊ द्या, सध्या मेडिकलपुरता साधा करा. डायबेटिस निघालाच तर डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा तपासायचा, त्यासाठी थेंब टाकतात आणि त्यानंतर काही तास अंधुक दिसतं, त्या दिवशी गाडी घेऊन जाऊ नका. मोतीबिंदू असेल तरी घाबरू नका, सरकारी दवाखान्यात ऑपरेशन होतं आणि डॉक्टरने परवानगी दिली की लोक परत गाडीवर जातात.

कानात मळ असेल तर तो काढून घ्या, पण किल्लीने किंवा काडीने नाही, दवाखान्यात. कानाची मशिनवरची टेस्ट असेल तर आदल्या रात्री गाडी चालवू नका, इंजिनाच्या आवाजाने कान काही तास बधिर राहतात आणि आहे त्यापेक्षा वाईट रिपोर्ट येतो.

आता घोरणं. पत्रात तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढं गेलात आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटतेय. मोठ्याने घोरणं, मधेच श्वास थांबणं, मग धडपडून श्वास घेणं, सकाळी उठल्यावर डोकं जड, सात तास झोपूनही दुपारी पेंग, आणि औषध घेऊनही न उतरणारं बीपी, हे सगळं एकत्र असलं तर त्याला स्लीप अॅप्निया म्हणतात. झोपेत घसा बंद होऊन श्वास अडतो, रात्रभर शेकडो वेळा झोप मोडते आणि माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही. मान जाड असेल, शर्टाची कॉलर १७ इंचांच्या पुढं लागत असेल, पोट सुटलेलं असेल तर शक्यता वाढते. कंपनीच्या मेडिकलमध्ये हे बऱ्याचदा कोणी विचारत नाही आणि तुम्ही पास होऊन बाहेर येता. पण पहाटे दोन ते पाच, जेव्हा तशीही सगळ्यांचीच झोप अनावर असते, तेव्हा कराडपुढच्या सरळ रस्त्यावर दोन-तीन सेकंद डोळा लागला तर साठच्या स्पीडने गाडी तेहतीस ते पन्नास मीटर पुढं गेलेली असते आणि चालवणारा जागा नसतो. चहा, तंबाखू, खिडकी उघडणं यातलं काहीही यावर इलाज नाही. जागं राहायच्या म्हणून ज्या गोळ्या किंवा अफू-डोडा चालतं त्याला तर हात पण लावू नका, असर उतरला की झोप दुप्पट जोराने येते.

वहिनींना सांगा की पुढच्या वेळी घरी झोपलात की मोबाइलवर पाच मिनिटांचा व्हिडिओ काढायचा, आवाजासकट. तो व्हिडिओ डॉक्टरला दाखवा, आणि वहिनींना सोबतच न्या, झोपेतलं तुम्हाला माहीत नसतं, त्यांना असतं. यावर झोपेची टेस्ट असते आणि गरज लागली तर सीपॅप नावाचं मशिन रात्री नाकाला लावून झोपायचं, त्याने खूप लोकांचं आयुष्य बदललेलं आहे, बीपी पण उतरायला मदत होते. तोवर एका कुशीवर झोपा, रात्रीची दारू बंद, आणि पेंग आली की गाडी लावून वीस मिनिटं झोपा, शेठचा फोन आला तरी. १९६१ च्या मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स अॅक्टमध्ये दिवसाचे आठ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं लिहिलेलं होतं (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार कायद्याने घेतली), प्रत्यक्षात लाइनवर किती पाळलं जातं ते तुम्ही रोज बघता, तरी मागायचा हक्क तुमचा आहे.

ईसीजीबद्दल एकच विचारते, खरं उत्तर स्वतःला द्या. ताडपत्री ओढताना, रस्सी आवळताना किंवा टायर बदलताना छातीत दाब येतो का, डावा हात किंवा जबडा भरून येतो का, थांबलं की जातो का? हो असेल तर मेडिकलची वाट बघू नका, याच आठवड्यात हृदयाच्या डॉक्टरकडे. आराम करताना काढलेला ईसीजी नॉर्मल येऊनही आत ब्लॉकेज असू शकतं.

मेडिकलच्या दिवशी रात्रीची ट्रिप मारून थेट तिथं जायचं नाही. आदली रात्र घरी, पूर्ण झोप, यासाठी शेठशी आत्ताच बोलून ठेवा की मला आदला दिवस सुट्टी पाहिजे. रोजची गोळी रोजच्या वेळेला घ्यायची, एकच. शुगरची गोळी चालू झाली असेल आणि उपाशी बोलावलं असेल तर ती रक्त दिल्यावर नाश्त्यासोबत घ्यायची का हे डॉक्टरला आधी विचारून ठेवा. सोबत चष्मा, जुने रिपोर्ट, गोळ्यांचे रॅपर, बीपीची वही, लायसन, आधार, फोटो. आणि विचारलं की गोळी चालू आहे का, तर हो म्हणा. गोळी घेऊन बीपी ताब्यात असलेला ड्रायव्हर डॉक्टरला न घेणाऱ्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

समजा त्या दिवशी आकडा जास्तच निघाला. बऱ्याचदा ते तात्पुरतं अनफिट लिहितात आणि काही आठवड्यांनी परत बोलावतात. तो शब्द बघून हातपाय गाळू नका, लेखी मागून घ्या की कशामुळे आणि परत कधी यायचं. तेवढ्या दिवसांत लोकल ट्रिपा किंवा यार्डातलं काम मिळतं का हे शेठला आजच विचारून ठेवलं तर तेव्हा धावपळ होणार नाही, आणि मुलीच्या फीचे वगैरे जे पैसे या दोन महिन्यांत द्यायचेत त्याचा हिशोब पण वहिनींसोबत बसून आत्ताच करा.

लायसनला दोन महिने थांबायची गरज नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ट्रान्सपोर्ट लायसन पाच वर्षांचं झालंय (घातक मालाचं तीन वर्षांचं) आणि संपायच्या एक वर्ष आधीपासून रिन्यूचा अर्ज करता येतो. पूर्वी संपल्यावर तीस दिवसांची सवलत असायची ती आता नाही, म्हणजे तारीख संपली की दुसऱ्या दिवसापासून लायसन चालत नाही, आणि संपून वर्ष उलटलं तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते. तेव्हा चष्मा हातात आला की त्याच आठवड्यात फॉर्म १-ए भरून घ्या, डॉक्टर आरटीओने मान्य केलेला आहे ना ते आधी बघा, आणि चष्म्याची दुसरी जोडी करून केबिनमध्ये ठेवा. मेडिकल झालं की काय निघालं ते मला कळवा, आकडे लिहून पाठवलेत तर पुढचं सांगता येईल.